"टीचर, ह्याला सायन्सला घालू की नको?"

दहावीचं वर्ष सुरू झालं की हा प्रश्न येतोच. ही आई गोव्यातल्या साखळीकडची (ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदललेत). मुलगा चौथीपर्यंत मराठी शाळेत, पाचवीपासून इंग्लिश मीडियम, आता केमिस्ट्रीत इक्वेशन बॅलन्स करायचं, म्हणजे दोन्ही बाजूंचे अणू सारखे जमवायचं, आलं की पेनच खाली ठेवतो. ट्यूशनवाल्याने सांगितलं म्हणे, याचं डोकं सायन्सचं नाही. असं बोलणाऱ्यांचा मला भयंकर राग येतो, पण ते असो.

मी म्हटलं वही दाखव. पहिलंच इक्वेशन, हायड्रोजन अधिक ऑक्सिजन, आणि उजवीकडे पाण्याच्या एच टू ओ मधल्या ओ खाली त्याने गुपचूप एक बारीक दोन लिहिलेला. खोडून खोडून कागदाला भोक पडलेलं. बेरीज बरोबर होती हो, दोन्हीकडे दोन-दोन!

"अरे, हे काय झालं माहितीये?"
"पाणीच ना टीचर, ऑक्सिजन थोडा जास्त."
"हे हायड्रोजन पेरॉक्साइड, फार्मसीत जखम धुवायला मिळतं ते."

तो हसला, पहिल्यांदाच. म्हणजे मोजता येत होतं, फक्त कुठल्या आकड्याला हात लावायचा नाही हे कुणी धड सांगितलंच नव्हतं. त्याची आई चवथीला (गणेशचतुर्थीला) नेवऱ्यांची, म्हणजे करंज्यांची, पाकिटं करून विकते, मग तेच धरलं. खालचा बारीक आकडा म्हणजे सील केलेलं पाकीट, ते फोडलंस की वस्तूच बदलली. पुढचा मोठा आकडा म्हणजे पाकिटं किती, तेवढंच तुझ्या हातात.

मग लोखंड आणि वाफेचं घेतलं, ज्यात एफई थ्री ओ फोर (लोखंडाचं ऑक्साइड) आणि हायड्रोजन मिळतो. एकटं असलेलं मूलद्रव्य शेवटी बघ म्हटलं. ऑक्सिजन चार, म्हणून पाणी चार, म्हणून एच आठ, म्हणजे हायड्रोजनची पाकिटं चार, आणि सगळ्यात शेवटी लोखंड तीन. दहा मिनिटं लागली, लागू देत.

आईला मी एवढंच सांगितलं की एका धड्यावरून स्ट्रीम ठरवू नका, आणि एक महिना रोज दोनच इक्वेशन्स, पेन्सिलने, अणूंचा हिशोब बाजूला लिहून, मार्कांचं नाव काढायचं नाही. विषय आवडतो का ते त्यालाच विचारा, तुम्ही ठरवून नको.

तीन आठवड्यांनी आला तो घरच्या गॅसचं इक्वेशन घेऊन. सिलिंडरमध्ये प्रोपेन-ब्युटेन असतात ना, त्यातलं प्रोपेन जमलं होतं, ऑक्सिजन पाच, कार्बन डायऑक्साइड तीन, पाणी चार. ब्युटेनला मात्र अडला. ऑक्सिजनची साडेसहा पाकिटं येत होती. मी काही बोलायच्या आत स्वतःच म्हणाला, "टीचर, अर्धं पाकीट कोण देतलो? सगळंच डबल करतो." आणि तेरा लिहिलं.