इंटरनॅशनल रिलेशन्सच्या एमएत नोकरीला उपयोगी पडेल असं काही शिकवतात का, की नुसती थिअरीच?

मी रत्नागिरीकडे एका कॉलेजात पॉलिटिकल सायन्स शिकवतो, त्यात आंतरराष्ट्रीय संबंधांचे पेपर पण येतात. बऱ्याच ठिकाणी अजून थिअरीवरच भर आहे हे खरंय. थिअरी हवीच, पण त्याच विषयातून कामाचं शिकवता येतं, त्यासाठी वेगळं सॉफ्ट स्किलचं वर्कशॉप लागत नाही असं माझं ठाम मत आहे.

आम्ही वर्गात काय करतो ते सांगतो. १ मे २०१४ पासून युरोपियन युनियनने आपला आंबा बंद केला होता, फळमाशी सापडली म्हणून, सोबत वांगं, अळू, कारलं, पडवळ पण. मुदत डिसेंबर २०१५ पर्यंतची, पण आंब्यावरची बंदी २०१५ च्या सुरुवातीलाच उठली. इथे कित्येक पोरांच्या घरी हापूसची कलमं आहेत त्यामुळे विषयाचं महत्त्व समजवावं लागत नाही. मी म्हणतो, समजा तुम्ही वाणिज्य मंत्रालयात आहात, सचिव उद्या ब्रुसेल्सशी, म्हणजे युरोपियन युनियनशी बोलणारेत, एका पानाची नोट द्या. पहिल्या खेपेला निम्म्या नोटा "आजच्या जागतिकीकरणाच्या युगात" अशाच सुरू होतात. तो अख्खा पॅरा खोडायचा आणि विचारायचं, सचिवांनी मागायचं काय ते पहिल्या दोन ओळीत कुठाय? मग पोरं डब्ल्यूटीओचा, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेचा, एसपीएस करार (अन्नसुरक्षा आणि झाडा-प्राण्यांच्या आरोग्याबद्दलचा) उघडतात, किडीपासून संरक्षण करायचा हक्क प्रत्येक देशाला आहे पण त्याला शास्त्रीय आधार लागतो हे स्वतः वाचतात, आणि मग "आम्ही पॅकहाऊसमधली (जिथे माल निवडून पॅक करतात तिथली) तपासणी कडक करतो, तुम्ही बंदी मुदतीआधी उठवा" अशी नीट मागणी कागदावर येते. दुसऱ्या गटाला युरोपची बाजू. ते जास्त अवघड जातं, आपल्याच आंब्याविरुद्ध बोलायचं असतं ना.

नोकऱ्या फक्त आयएफएसमध्ये, म्हणजे परराष्ट्र सेवेत नाहीत. समुद्रात पकडलेली आपली कोळंबी अमेरिका २०१९ पासून घेत नाही, ट्रॉलरच्या जाळ्यात कासवं अडकतात म्हणून, तर तो नियम वाचून मिरकरवाडा बंदरातल्या तांडेलाला (बोट चालवणाऱ्या प्रमुखाला) मराठीत आणि एक्सपोर्टरला इंग्रजीत समजावणारा माणूस लागतोच की. थिंक टँक, एनजीओ, पेपरवाले, सगळ्यांना हेच हवं असतं.

तुमच्याकडे असं होत नसेल तर परराष्ट्र मंत्रालयाच्या साईटवरून एखादं संयुक्त निवेदन घ्या, त्याची एका पानाची नोट करा आणि सरांकडून लाल पेनाने तपासून घ्या. एक्सेल पण शिकून ठेवा, व्यापाराचे आकडे त्यातच येतात.