ईसीएम (इंजिन चालवणारं कॉम्प्युटर मॉड्यूल) रिप्रोग्रॅम करताना साधा बॅटरी चार्जर लावून ठेवला तर चालतं का?

नाही, लावू नका. फ्लॅशिंगमध्ये, म्हणजे नवा प्रोग्राम टाकताना, ईसीएम उडतात ते बहुतेक व्होल्टेजपायीच, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

फ्लॅश करताना मॉड्यूलमधला जुना प्रोग्राम आधी पुसला जातो, मग नवा लिहिला जातो. मधल्या वेळेत व्होल्टेज पडलं की आत ना जुना प्रोग्राम, ना नवा. माझ्याकडे एका डिझेल गाडीचं काम चालू असताना अर्ध्यावर रेडिएटरचा फॅन एकदम फुल स्पीडने सुरू झाला. ईसीएम प्रोग्रॅमिंग मोडमध्ये गेला की काही गाड्यांत असं होतं, कारण फॅनला कोणी सांगणारंच उरत नाही. बॅटरी जुनी होती, मीटरवरचा आकडा डोळ्यांदेखत 12 च्या खाली आला आणि काम तिथेच अडकलं. शेवटी मॉड्यूल गाडीतून काढून बेंचवर रिकव्हर करावा लागला. गिऱ्हाइकाची गाडी चार दिवस उभी होती, ते अजून मनाला लागतं.

साध्या चार्जरचं आउटपुट सपाट नसतं, त्यात रिपल (व्होल्टेजचे बारीक चढउतार) असतो आणि व्होल्टेज मनाला येईल तसं चढतं. स्थिर डीसी सप्लाय घ्या: 13.5 व्होल्टवर सेट होणारा, निदान 50 अँपिअर देणारा, फॅन मोठा असेल तर त्याहून जास्त. महाग वाटतो, पण स्कॅनरच्या आधी हाच घ्या. बॅटरी कमजोर असेल तर आधी ती बदला. हेडलाइट, एसी, टेप सगळं बंद ठेवा.

काम बिघडण्याची दुसरी जागा म्हणजे ओबीडी सॉकेट, जिथे टूलची केबल लागते. तो स्टीअरिंगखाली असतो, गुडघा लागला की केबल हलते. मी सीटवर कोणालाही बसू देत नाही. ब्लूटूथ नको, वायरच. लॅपटॉप चार्जरवर, स्लीप आणि अपडेट बंद.

फाइल टाकण्याआधी चॅसिस नंबर आणि ईसीएमवरचा सॉफ्टवेअर नंबर जुळवा. 'मॉडेल तेच आहे' एवढ्यावर कधीच जाऊ नका. टूल वाचू देत असेल तर मूळ फाइल सेव्ह करून ठेवा. डिझेलला नंतर इंजेक्टर कोड (प्रत्येक इंजेक्टरचा ईसीएममध्ये भरलेला नंबर) तपासा.

आणि काम मध्येच थांबलं तर घाबरून चावी बंद करू नका, बॅटरीचा टर्मिनल काढू नका. सप्लाय तसाच ठेवून टूल काय सांगतंय ते वाचा. बूटलोडर (मॉड्यूल सुरू करणारा छोटा मूळ प्रोग्राम) शाबूत असेल तर बरेचदा तिथूनच पुन्हा फ्लॅश होतो.