कर्णबधिर लोकांना सवलत कशाला? त्यांना तर चालता येतं, दिसतं…

हो, मिळायला हवी. फक्त आज जिथे मिळते तिथे तिचा उपयोग थोडा आणि जिथे खरी गरज आहे तिथे ती जवळपास नाहीच, असं माझं म्हणणं आहे. उत्तर लांबणार आहे कारण मी स्वतः लहानपणापासून दोन्ही कानांना मशीन लावते आणि या विषयावर मला कोणी सहसा विचारत नाही, तुम्ही विचारलंय तर आता ऐका.

तुमचा मुद्दा असा की अंध माणसाला किंवा व्हीलचेअरवरच्या माणसाला तिकिटात सूट दिली तर समजू शकतं, पण ज्याला नुसतं ऐकू येत नाही त्याला पाय आहेत, डोळे आहेत, एसटीत चढता येतं, मग त्याला कशाला. प्रश्न रास्त आहे, राग वगैरे नाही आला. एसटीची सीट मला काही तुमच्यापेक्षा जास्त टोचत नाही. प्रवासात त्रास होतो म्हणून सूट, असं धरलं तर तुमचंच बरोबर. पण ही सूट त्रासाची नाही हो, खर्चाची आहे, आणि बहिरेपणाला खर्च किती येतो हे बाहेरून दिसत नाही म्हणून तुम्हाला हा प्रश्न पडला.

मशीनचंच घ्या. बऱ्यापैकी डिजिटल मशीन एका कानाचं पंधरा-वीस हजारांपासून सुरू होतं आणि वर लाखाच्या पुढे कुठेही जातं, आणि कान दोन. चार-पाच वर्षांत ते दमतं, मग परत नवीन. त्यात आपला पावसाळा. जुलै-ऑगस्टमध्ये घाम आणि दमट हवा दोन्ही मिळून मशीनची वाट लावतात, आवाज खरखरतो, मधेच गायब होतो, म्हणून रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवायचं आणि सकाळी ट्यूबमध्ये अडकलेला पाण्याचा थेंब फुंकून काढायचा. ती ट्यूब पिवळी पडून कडक झाली की बदला, मोल्ड, म्हणजे कानात बसणारा साचा, सैल झाला की शिट्टी मारायला लागतो, मग नवा मोल्ड करा. सेल वेगळेच. ते झिंक-एअरचे असतात, मागे रंगीत स्टिकर असतो, माझ्या 13 नंबरला केशरी, 312 ला तपकिरी. स्टिकर काढला की हवा लागून सेल सुरू होतो, आणि एकदा सुरू झाला की मशीन बंद ठेवा नाहीतर काही करा, तो संपतच राहतो. आठवडा चालतो, फार तर दहा दिवस. दोन्ही कानांचे मिळून वर्षाला तीन-चार हजार नुसते सेलचे जातात. (रिचार्जेबल मशीन आता मिळतात, पण त्यांची किंमत बघितली की सेलच बरे वाटतात.) बहुतेक मेडिक्लेम मशीनचे पैसे देत नाहीत. मशीनवर जीएसटी शून्य आहे, ही एक सूट मात्र अगदी बरोबर जागी दिलेली आहे, तेवढं श्रेय सरकारला द्यायला पाहिजे.

आता मिळतं काय ते बघा. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आहे, त्यात दोन्ही कानांत ऐकण्याचा 70 डेसिबल किंवा जास्त तोटा असेल तर 'बधिर' आणि 60 ते 70 असेल तर 'कमी ऐकू येणारे'. सवलतींसाठी 40 टक्के दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट लागतं, आता यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र. ते असलं की एसटीत 75 टक्के सूट, महाराष्ट्रात प्रोफेशन टॅक्स माफ म्हणजे नोकरदाराचे वर्षाचे जास्तीत जास्त अडीच हजार वाचले, आणि इन्कम टॅक्सला जुन्या रिजीममध्ये 75 हजारांची वजावट, 80 टक्के किंवा जास्त असाल तर सव्वा लाख. सरकारी नोकरीत 4 टक्के आरक्षणातला 1 टक्का आमचा. गरीब घरातल्या लोकांना केंद्राच्या एडिप योजनेतून मशीन फुकट मिळतं, लहान मुलांना कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऑपरेशन करून कानात बसवायचं यंत्रसुद्धा, आणि ते फार मोठं काम आहे, पण इम्प्लांटनंतरची केबल, कॉइल, मॅपिंग (यंत्राचं सेटिंग) आणि काही वर्षांनी बदलायला लागणारा प्रोसेसर, हे पुढचं सगळं बहुतेकदा आईबापाच्या गळ्यात येतं. आणि जे योजनेत बसण्याइतके गरीब नाहीत आणि लाखाचं मशीन सहज घेण्याइतके श्रीमंतही नाहीत, म्हणजे आमच्यासारखे बरेच, ते ईएमआयवर ऐकतात.

रेल्वेचा नियम तर मला आजवर कोणी पटवून देऊ शकलेलं नाही. रेल्वेच्या यादीत अट अशी आहे की माणूस पूर्ण बहिरा आणि मुका, दोन्ही एकाच व्यक्तीत असायला पाहिजे. मग सेकंड, स्लीपर आणि फर्स्ट क्लासला 50 टक्के सूट, सोबतच्या एकालाही, पासालाही. 2020 ला रेल्वेने ज्येष्ठ नागरिकांसकट बऱ्याच सवलती बंद केल्या तेव्हाही ही राहिली, चांगलंच झालं. पण अट बघा ना. ज्या मुलीच्या आईने तिला तीन वर्षांची असल्यापासून स्पीच थेरपीला नेलं, आरशासमोर बसवून 'प' आणि 'ब' मधला फरक गळ्याला हात लावून शिकवला, ती मुलगी बोलायला लागली, आणि बोलायला लागली म्हणून सवलतीतून बाद. तिचे कान तेच आहेत. थेरपीचा खर्च उलट झालेलाच आहे. ज्याने खर्च केला त्यालाच नाही म्हणायचं, हे कुठलं शास्त्र?

टक्केवारीचं सूत्रही असंच. चांगल्या कानाची टक्केवारी गुणिले पाच, त्यात वाईट कानाची मिळवा आणि सहाने भागा. म्हणजे एक कान ठार बहिरा आणि दुसरा एकदम ठणठणीत असेल तर उत्तर येतं सोळा-सतरा टक्के, 40 च्या जवळपासही नाही. एका कानाने ऐकणाऱ्याला आवाज कुठून आला ते कळत नाही, रस्ता ओलांडताना हॉर्न डावीकडून की उजवीकडून ते कळत नाही, गोंगाटात समोरचा काय बोलतो ते कळत नाही, पण कागदावर तो धडधाकट. मला हे सूत्र पूर्ण चूक वाटत नाही, कुठेतरी रेघ मारावीच लागते, फक्त त्या रेघेच्या अलीकडच्यांना निदान मशीन तरी स्वस्त मिळावं.

आता तुम्ही म्हणाल की सवलत वाढवली की खोटे बहिरे वाढतील. म्हणा, खरंच आहे ते. झेडपीच्या शिक्षक बदल्यांच्या वेळी अचानक कानाची सर्टिफिकेटं निघतात अशा बातम्या आपल्याकडे येऊन गेल्यात, आणि 2024 ला एका प्रोबेशनरी आयएएस अधिकाऱ्याच्या दिव्यांग सर्टिफिकेटचं प्रकरण देशभर गाजलं, त्यानंतर काही दिवस कार्ड काढलं की लोक माझ्याकडे अशा नजरेने बघायचे की जणू मीच ती अधिकारी. पण खोटं पकडणं अवघड नाहीये. साध्या ऑडिओमेट्रीत हेडफोन लावून 'टिक' ऐकू आली की बटण दाबायचं असतं, त्यात कोणी बटण दाबलंच नाही तर झाला बहिरा. म्हणून बेरा नावाची टेस्ट असते, डोक्याला आणि कानामागे इलेक्ट्रोड चिकटवतात, तुम्ही झोपा नाहीतर जागे राहा, आवाज दिला की मेंदूकडून येणारा सिग्नल मशीनवर उमटतो. तिथे नाटक चालत नाही. ज्याच्यावर संशय त्याची बेरा करा आणि सापडला तर नोकरीवरून काढा, पण त्याच्यासाठी खऱ्या माणसाला सिव्हिल हॉस्पिटलच्या मेडिकल बोर्डाच्या दिवशी चार-चार चकरा मारायला लावू नका.

एक मुद्दा मात्र आमच्यातलेच काही लोक मांडतात, साइन लँग्वेज वापरणारे जास्त, की सवलत ही भीक आहे, आम्हाला नोकरी द्या, इंटरप्रिटर द्या, तिकीट आमचं आम्ही काढतो. मला अर्धं पटतं. स्टेशनवर गाडी एक नंबरची तीनवर जाते तेव्हा ते सांगतात कसं? माइकवर. सगळा प्लॅटफॉर्म बॅगा उचलून पळायला लागतो आणि बहिरा माणूस त्यांच्याकडे बघून अंदाज करतो की आपलीच गाडी असावी. त्याच्या हातात अर्ध्या पैशाचं तिकीट आहे, पण गाडी कुठे आहे ते त्याला कोणी सांगितलेलं नाही. अर्धं तिकीट देणं सोपं असतं, जीआर काढला की झालं. बोर्डावर ती बदललेली ओळ त्याच मिनिटाला आणायची तर कोणाला तरी काम करावं लागतं.

न पटलेलं अर्धं हे की 'इंटरप्रिटर द्या' म्हटलं तरी पैशाचा प्रश्न तिथेच उभा आहे. सप्टेंबर 2023 मध्ये सारा सनी या कर्णबधिर वकिलांनी सुप्रीम कोर्टात इंटरप्रिटरच्या मदतीने बाजू मांडली, सगळ्यांनी कौतुक केलं, केलंच पाहिजे. पण तालुक्याच्या कोर्टात, दवाखान्यात, मुलाच्या शाळेच्या पालकसभेत इंटरप्रिटर आणायचा तर त्याचे पैसे कोण देतं? बहिरा माणूस देतो, नाहीतर त्याची दहा वर्षांची मुलगी सुट्टी काढून बरोबर जाते आणि डॉक्टर बापाच्या आजाराबद्दल काय म्हणाले ते तीच त्याला हातांनी सांगते. तेव्हा नोकऱ्या येतील तेव्हा येतील, तोवर सूट सोडून द्यायचा शहाणपणा मला तरी परवडत नाही. मी घेते. कार्ड दाखवते, कंडक्टर बघतो, तिकीट फाडतो, संपला विषय.

आणि जिथे आम्ही सरळसरळ आवाजाचे पैसे भरतो तिथे तर सूट हा शब्दही बरोबर नाही, न वापरलेल्या मालाचे पैसे घेऊ नका एवढंच म्हणणं आहे. पूर्ण बहिरा माणूस नंबर चालू ठेवायला अनलिमिटेड कॉलिंगचा पॅक मारतो आणि एक कॉल करत नाही. तो व्हिडिओ कॉलवर हातांनी बोलतो, त्याला डेटा लागतो, दिवसाचा दीड जीबी दुपारीच संपतो, मग वर डेटाचं ऍड-ऑन. डिसेंबर 2024 ला ट्रायने, म्हणजे टेलिकॉमच्या नियामकाने, कंपन्यांना सांगितलं की ज्यांना इंटरनेट नको त्यांच्यासाठी नुसतं कॉल आणि एसएमएसचं रिचार्ज ठेवा, आजीआजोबांची सोय झाली, छान. आता ज्यांना कॉल नको त्यांच्यासाठीही तसंच एक निघू द्या. अमेरिकेत काही कंपन्यांनी बहिऱ्यांसाठी असे कॉलिंग नसलेले प्लॅन काढले होते, म्हणजे अशक्य नाही. साउंड अँड लाइट शोला फुल तिकीट घेतात त्याबद्दल तर काय बोलू, निम्मं नाव तरी वगळा तिकिटातून.

माझं डेबिट कार्ड हरवलं होतं तेव्हाची गंमत सांगते. बँकेला ईमेल केला की मला फोनवर ऐकू येत नाही, कार्ड ब्लॉक करा. उत्तर आलं, कृपया कस्टमर केअरला फोन करा. मग भावाने माझ्या वतीने फोन लावला, सगळी माहिती दिली, जन्मतारीख दिली, पलीकडून बाई म्हणाल्या 'खातेदार मॅडमना फोन द्या'. भाऊ म्हणाला त्यांना ऐकू येत नाही. त्या म्हणाल्या 'मग त्यांना सांगा की एकदा हो म्हणा'. मी त्याच्या शेजारी बसून मोठ्याने 'हो' म्हटलं, नक्की कशाला ते मला माहीत नव्हतं. या बँकेने मला उद्या एफडीवर पाव टक्का जास्त दिला तर मी नको म्हणणार नाही, पण एक चॅटची खिडकी दिली असती तर जास्त उपयोग झाला असता.

राहिला प्रश्न खाजगी लोकांचा, हॉटेल, जिम, नाटक, सिनेमा वगैरे. त्यांच्यावर सक्ती करावी असं मला वाटत नाही. तुमचा धंदा असेल आणि मनापासून 10 टक्के कमी करावेसे वाटत असतील तर करा, पण आधी टोकन नंबर ओरडून सांगायच्या ऐवजी स्क्रीनवर लावा आणि बुकिंगला व्हॉट्सऍप चालू ठेवा, त्याला तुमचे पैसेही फार जात नाहीत. सिनेमासाठी मार्च 2024 मध्ये केंद्राने कॅप्शनची मार्गदर्शक तत्त्वं काढलीयेत. आपल्याकडे थिएटरमध्ये मराठी सिनेमाला बऱ्याचदा इंग्रजी सबटायटल असतात आणि मराठी नसतात, म्हणजे मराठी सिनेमा, मराठी प्रेक्षक, मूकबधिर शाळेत मराठीतून शिकलेला मुलगा, आणि पडद्यावर वाचायला इंग्रजी. नाटकाला तर तेही नाही. मी पहिल्या दोन रांगांची महागडी तिकिटं काढते कारण तिथून ओठ दिसतात, आणि नटाने पाठ केली की वाक्य गेलं. निदान आम्हाला ती पुढची रांग बाल्कनीच्या भावात द्या.