वाचकांचे प्रश्न : सीमाभागात बसून नंबर थिअरी

बी.एस्सी. झाली, आता नोकरी आहे. घरूनच नंबर थिअरीचा (पूर्णांकांच्या गुणधर्मांच्या अभ्यासाचा) विद्यापीठाच्या दर्जाचा कोर्स करायचाय. म्हैसूरचं मुक्त विद्यापीठ, कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ की सरकारी ऑनलाइन व्यासपीठ स्वयम्? – एक वाचक, निपाणी

पदवी हवी आहे की विषय शिकायचाय, हे आधी ठरवा. विषयच शिकायचा असेल तर स्वयम्‌वरचा एनपीटीईएलचा, म्हणजे आयआयटी आणि आयआयएस्सी यांच्या ऑनलाइन उपक्रमाचा, कोर्स पुरेसा आहे. सत्रं जानेवारी आणि जुलैत सुरू होतात, पण नंबर थिअरी प्रत्येक सत्रात असेलच असं नाही. यादी उघडून बघा. शिकायला पैसे लागत नाहीत, परीक्षेला बसायचं तर १००० रुपये. बारा आठवड्यांच्या कोर्सात दर आठवड्याला असाइनमेंट असते. त्यांतल्या उत्तम आठ धरून २५ गुण आणि परीक्षेचे ७५. प्रमाणपत्राला २५ पैकी १० आणि ७५ पैकी ३० असे दोन्हीकडे वेगवेगळे पडावे लागतात. असाइनमेंटचे पैकीच्या पैकी घेऊन परीक्षेतली तूट भरून निघत नाही. परीक्षा केंद्रावर जाऊनच द्यायची.

पदवी हवी असेल तर म्हैसूरच्या कर्नाटक राज्य मुक्त विद्यापीठाचं प्रादेशिक केंद्र बेळगावात आहे. निपाणीला बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ, हे खरं. पण राज्य विद्यापीठाला दूरशिक्षणाची केंद्रं राज्याच्या हद्दीबाहेर काढता येत नाहीत, त्यामुळं कोल्हापूर निवडलंत तर संपर्क वर्ग आणि परीक्षा यांसाठी हद्द तुम्हालाच ओलांडावी लागणार. कुठंही गेलात तरी यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत तोच अभ्यासक्रम, त्याच सत्रासाठी मान्य आहे का ते बघा. नुसतं विद्यापीठाचं नाव दिसलं म्हणून पैसे भरू नका. आणि एम.एस्सी. गणिताला प्रवेश घेतला म्हणजे नंबर थिअरी मिळालीच असं समजू नका. पुष्कळ ठिकाणी तो ऐच्छिक विषय असतो. तुमच्या प्रवेशाच्या वर्षाचा विषयतक्ता मागून घ्या.

आणखी एक, खास आपल्या भागातली अडचण. गुणपत्रिकेवर नावाच्या मागंपुढं नुसतं आद्याक्षर, आधारवर वडिलांचं नाव आणि आडनाव पूर्ण, आणि कन्नडमधून इंग्रजीत जाताना बदललेलं स्पेलिंग. परीक्षेचा फॉर्म भरताना केंद्रावर जे ओळखपत्र दाखवणार, त्यावरचंच नाव अक्षरन् अक्षर घाला.

३५क्ष ≡ १४ (मॉड ९१), म्हणजे ९१ ने भागल्यावर ३५क्ष आणि १४ यांची बाकी सारखी, हे गणित होतं. दोन्ही बाजूंना ७ ने भागून ५क्ष ≡ २ (मॉड ९१) केलं, उत्तर ५५ आलं. पडताळा जुळतोय, तरी चूक दिलंय. – एक विद्यार्थिनी, अथणी

पडताळा जुळतोय म्हणूनच ही चूक लक्षात येत नाही. ३५ × ५५ = १९२५, त्याला ९१ ने भागलं की बाकी १४. उत्तर बरोबर आहे, पण अपुरं आहे. सात उत्तरांतलं एकच तुमच्या हाती लागलं.

३५ आणि ९१ यांचा मसावि ७. ७ हा अवयव दोन्ही बाजूंतून काढला, तर मॉडमधूनही काढायला हवा: ५क्ष ≡ २ (मॉड १३). आता मॉड १३ मध्ये ५ चा व्यस्त, म्हणजे ५ ला ज्यानं गुणलं की बाकी १ येते ती संख्या, शोधा. ५ × ८ = ४०, म्हणजे ३९ आणि १; व्यस्त ८. म्हणून क्ष ≡ १६ ≡ ३ (मॉड १३). यात दर वेळी १३ मिळवत ९१ च्या आत राहिलं की ३, १६, २९, ४२, ५५, ६८, ८१ ही सात उत्तरं मिळतात.

मॉड तसाच ठेवून भागायची मुभा फक्त भाजक आणि मॉड सहमूळ असतानाच. म्हणून मसावि आधी काढा, भागाकार नंतर. उजवीकडं १४ ऐवजी १५ असते तर ७ ने भाग जात नाही, म्हणजे उत्तरच नाही. तिथं आकडेमोड सुरूच करायची नाही.

व्हिडिओ बघताना सगळं कळतं, असाइनमेंटलाही चांगले गुण पडतात. सिद्धता लिहायला बसलं की पान कोरं. – एक वाचक, शहापूर, बेळगाव

कारण तुमचं लिखाण कुणी वाचतच नाही. ऑनलाइन असाइनमेंट बहुतेक पर्यायांची असते आणि ती यंत्र तपासतं. त्याला उत्तर दिसतं, युक्तिवाद दिसत नाही. घरून शिकताना खरी उणीव हीच. ती भरून काढायची सोय स्वतः करायला लागते.

प्रमेयाचं विधान ऐकलं की व्हिडिओ थांबवा, सिद्धता लगेच ऐकू नका. लहान आकडे घेऊन तक्ता मांडा. समजा, मॉड ११ मध्ये १ ते १० चे वर्ग काढायचेत: १, ४, ९, ५, ३, ३, ५, ९, ४, १. तक्ता मधोमध दुमडला तर जुळतो. का? क आणि ११−क यांचे वर्ग सारखेच येतात. आणखी कुठली जोडी जुळेल का? क² ≡ ख² असेल तर ११ ने (क−ख)(क+ख) ला भाग जातो. ११ मूळ संख्या, म्हणून दोहोंपैकी एकाला तरी जाणारच; म्हणजे क आणि ख एकच, नाहीतर त्यांची बेरीज ११. तिसरी शक्यता नाही, प्रत्येक वर्ग दोनदाच येतो. म्हणजे बरोबर निम्म्या संख्या वर्ग आहेत. झाली की सिद्धता.

आता तेच मॉड १५ मध्ये करून बघा. १, ४, ११ आणि १४ या चौघांचाही वर्ग १ येतो. दुमडलेला तक्ता इथं मोडला, कारण १५ मूळ नाही. यावरून एक सवय लावून घ्या: आपल्या सिद्धतेत ‘मूळ’ ही अट नेमकी कुठं वापरली तिथं खाली रेघ ओढायची. रेघ ओढायला जागाच सापडली नाही, तर विधान अटीशिवायही खरं आहे किंवा तुमची सिद्धता चुकलीय. बहुतेकदा दुसरंच.

पण तक्ता म्हणजे सिद्धता नव्हे. न² + न + ४१ मध्ये ० ते ३९ घालून बघा, चाळीसच्या चाळीस मूळ संख्या येतात. न = ४० ला १६८१, म्हणजे ४१ × ४१.

क्वाड्रॅटिक रेसिप्रॉसिटीच्या (दोन विषम मूळ संख्यांपैकी एक दुसरीच्या मॉडमध्ये वर्ग आहे का, याचा परस्परसंबंध सांगणाऱ्या नियमाच्या) आठवड्याला दुप्पट वेळ ठेवा. तिथं जॅकोबी चिन्ह (मॉडच्या प्रत्येक मूळ अवयवासाठी, संख्या तिथं वर्ग असेल तर १ आणि नसेल तर −१ धरून केलेला गुणाकार) १ आलं की संख्या वर्ग आहे असं लिहून टाकायचा मोह होतो. मॉड १५ मध्ये २ चं जॅकोबी चिन्ह १ येतं, तरी २ हा तिथं कुणाचाच वर्ग नाही. मॉड ३ आणि मॉड ५ मधले दोन उणे गुणले जाऊन १ झालेत, एवढंच.

आणि वाचणारा एक माणूस गाठा. जवळच्या कॉलेजातले सर, नाहीतर हाच कोर्स करणारा जोडीदार. आठवड्याला एकच सिद्धता, फोटो काढून पाठवायची. त्यानं दुरुस्त करायची नाही, जिथं अडेल तिथं फक्त ‘का?’ लिहायचं.

जांबोटीकडं रेंज नाही. जमेल का? – एक वाचक, खानापूर तालुका

जमेल. या विषयाला प्रयोगशाळा लागत नाही, वही-पेन लागतं. खानापूरला किंवा बेळगावला आलात की आठवड्याचे व्हिडिओ उतरवून घ्या. प्रश्न वहीत उतरवून घरी सोडवा आणि पुढच्या खेपेला उत्तरं भरा. मुदतीच्या शेवटच्या रात्रीवर मात्र राहू नका. मोठ्या आकडेमोडीला पारी-जीपी हे फुकट सॉफ्टवेअर आहे, ते नेटशिवाय चालतं.

कॉलेजात क्रेडिट धरतील का? – एक विद्यार्थी, चिकोडी

यूजीसीच्या नियमानं एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय स्वयम्‌वरून घेता येतात, पण कॉलेज आणि विद्यापीठानं तो कोर्स मान्य करायला हवा. परीक्षेचे पैसे भरण्याआधी लेखी विचारा. अर्जात ‘संख्याशास्त्र’ असं लिहू नका, ते स्टॅटिस्टिक्स होतं. आणि ‘अंकशास्त्र’ लिहिलंत तर मूलांक-भाग्यांक. ‘नंबर थिअरी’ असंच लिहा आणि कोर्सचा क्रमांक पुढं घाला.