‘चुळबूळ’ आणि ‘चुलबुली’

प्रश्न : शेजारच्या हिंदीभाषक बाई माझ्या सात वर्षांच्या नातीला कौतुकाने ‘बड़ी चुलबुली है’ म्हणतात. मी मात्र गणपतीच्या आरतीला ती स्थिर उभी राहत नाही, म्हणून ‘चुळबूळ करू नकोस’ असे दटावते. एकाच शब्दात कौतुक आणि दटावणी दोन्ही कसे? वर्तमानपत्रातली ‘आमदारांमधील चुळबूळ’ ती हीच का?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : होळकरांच्या काळापासून मराठी आणि हिंदी शेजारी नांदत असलेल्या आपल्या शहरातच हा प्रश्न इतक्या सहज पडू शकतो. ‘फल–फळ’, ‘काला–काळा’ या जोड्यांप्रमाणे इथेही हिंदीतल्या ‘ल’च्या जागी मराठीत ‘ळ’ आहे, आणि तेवढ्यापुरते हे शब्द भावंडेच दिसतात. अर्थाने मात्र ते दुरावले आहेत. हिंदीतला ‘चुलबुला’ माणसाचा स्वभाव सांगतो, तर मराठीतली ‘चुळबूळ’ प्रामुख्याने त्या वेळेपुरती अवस्था सांगते.

माझ्या मते या शब्दाचे मर्म असे, की चुळबूळ करणारा आपली जागा सोडत नाही. येरझारा घालणारा निदान चालतो तरी, तळमळणाऱ्याला वेदना किंवा ध्यास असतो, आणि घालमेल जिवाची होत असल्यामुळे ती बाहेर दिसेलच असे नाही. परंतु जिथे थांबणे भाग आहे तिथेच राहून हात, पाय, बोटे, नजर यांची जी बारीकसारीक हालचाल आवरत नाही, तिला चुळबूळ म्हणतात. कीर्तन लांबले की मागच्या सतरंजीवर ती हमखास दिसते. राजकारणातला अर्थही इथूनच आला आहे : आमदार नाराज आहेत, पण पक्षातच आहेत, तोवर ती चुळबूळ, ते बाहेर पडले, की बंड.

लेखनाविषयी एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. १९६२च्या शुद्धलेखन नियमांनुसार अकारान्त मराठी शब्दातील उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसऱ्या अक्षरातला, उकार दीर्घ असल्याने ‘चुळबूळ’ लिहावे, सामान्यरूपात मात्र ‘चुळबुळीने’, ‘चुळबुळीचा’.

शेजारीणबाईंचे कौतुक मराठीत सांगायचे, तर नातीला ‘अवखळ’ म्हणावे. ‘चुणचुणीत’ही चालेल, पण त्यात खेळकरपणापेक्षा चलाखी अधिक आहे.