मागील बाकी

बेळगावच्या टिळकवाडीतील माझ्या समुपदेशन कक्षात गेल्या काही वर्षांत एक तक्रार इतक्यांदा ऐकू आली आहे की, समोरच्या व्यक्तीने पहिले वाक्य उच्चारले की पुढचे कोणते येणार हे मला कळते. खानापूरचा तरुण अभियंता असो, निपाणीचे शिक्षक असोत किंवा शहरातच राहणारी गृहिणी असो, म्हणणे एकच असते: "क्रेडिट कार्डाचे पैसे दर महिन्याला भरतो, तरी बाकी तेवढीच राहते, आणि थोडे भरले की पुन्हा काहीतरी घ्यावेसे वाटते." या वाक्यातील दोन अर्ध्यांना लोक दोन वेगळे प्रश्न समजतात. पहिल्यासाठी कोणी हिशेब शिकवावा आणि दुसऱ्यासाठी कोणी मनावर ताबा मिळवून द्यावा, अशी त्यांची अपेक्षा असते. माझ्या मते हा एकच प्रश्न आहे. तो कसा, हे मला एका बाईंमुळे जितके स्पष्ट दिसले तितके पूर्वी दिसले नव्हते. त्यांच्या संमतीने, आणि ओळख पटू नये इतके तपशील बदलून, त्यांची हकिगत येथे सांगते.

त्या एका खासगी शाळेच्या कार्यालयात नोकरीला होत्या, पगार अठ्ठावीस हजार; पती उद्यमबागेतील फौंड्रीत, त्यांचा पगार थोडा कमी. घर स्वतःचे, एक मुलगी दहावीत. दोन कार्डांवर मिळून 1,86,000 रुपयांचे देणे झाले होते आणि त्यातील एक रुपयाही पतींना ठाऊक नव्हता. खरेदी मोठी नसे. रात्री साडेदहाला घर निजले की फोन हातात येई, आणि कधी कुर्ती, कधी चादरींचा जोड, कधी स्वयंपाकघरातले एखादे यंत्र मागवले जाई. पार्सल घरी येऊ नये म्हणून पत्ता शाळेचा दिलेला होता. माळ्यावरच्या ट्रंकेत किंमतीच्या चिठ्ठ्याही न काढलेल्या अकरा कुर्त्या होत्या आणि खोके न उघडलेला एक मिक्सर होता. "घरात मिक्सर आहे की मॅडम, चांगला चालतो," असे त्यांनी स्वतःहून सांगितले आणि मान खाली घातली.

पहिल्या भेटीत मी त्यांना खरेदीबद्दल फारसे विचारले नाही. बँकेचे मासिक विवरण समोर ठेवायला सांगितले. आपल्या सीमाभागात कागद इंग्रजीत येतो, बँकेतला फलक कन्नडमध्ये असतो आणि घरातले बोलणे मराठीत चालते. त्यामुळे कर्जाची गोष्ट कागदावरून घरापर्यंत पोहोचतच नाही, हे मी वारंवार पाहिले आहे. त्यांच्या एका कार्डावर 80,000 रुपये बाकी होती आणि किमान भरायची रक्कम होती पाच टक्के, म्हणजे 4,000.

"तुम्ही हे चार हजार भरलेत, तर कर्ज कितीने कमी होईल?"

"चार हजारांनी."

मी कॅल्क्युलेटर त्यांच्याकडे सरकवला. व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे 2,800. त्या व्याजावर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे 504. हे दोन्ही चार हजारांतून वजा करून उरलेला आकडा त्यांनी स्वतः वाचला: 696. त्यांनी तो पुन्हा करून पाहिला. मग हळू आवाजात म्हणाल्या, "आणि मागचे भरले त्याच रात्री मी साडेतीन हजारांची साडी घेतली होती."

ज्यांच्या कार्डावर बाकी पुढे ओढली जाते, त्यांनी येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. बिलाची पूर्ण रक्कम भरली तरच पुढच्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळतात. थोडीही रक्कम मागे राहिली की ती सवलत जाते आणि नव्या खरेदीवर सहसा खरेदीच्या दिवसापासूनच व्याज धरले जाते. एटीएममधून कार्डावर रोख काढली तर सहसा पहिल्या दिवसापासून व्याज लागते, वर शुल्कही द्यावे लागते. महिन्याला साडेतीन टक्के हे ऐकायला किरकोळ वाटते. वर्षाचे ते बेचाळीस टक्के होतात. किमान रक्कम भरल्याने आपण थकबाकीदार ठरत नाही, एवढाच तिचा उपयोग. तिला परतफेड समजणे ही या साऱ्या दुखण्यातील पहिली चुकीची समजूत आहे.

समजूत हा शब्द मी जाणून वापरला. अल्बर्ट एलिस यांनी 1955 पासून मांडलेल्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीवर माझा विश्वास आहे, आणि वीस वर्षांच्या कामात तो वाढतच गेला आहे. माणसाला प्रसंग जितका हलवतो, त्याहून त्या प्रसंगाविषयी त्याने मनाशी केलेले बोलणे अधिक हलवते, हा तिचा गाभा. म्हणून मी लोकांची वाक्ये ऐकते. तिसऱ्या भेटीत मला हवे होते ते वाक्य आले. महिन्याची जुळवाजुळव आम्ही करत होतो आणि त्या दिलासा देण्याच्या सुरात म्हणाल्या, "अगदीच वाईट नाही मॅडम, दुसऱ्या कार्डात अजून चौदा हजार आहेत की."

"कुणाचे?" मी विचारले.

त्यांना प्रश्न कळला नाही. मीही तो पुन्हा विचारला नाही. फक्त पुढच्या भेटीला दोन्ही कार्डांचा हिशेब स्वतःच्या हाताने, शाईने, वहीत मांडून आणायला सांगितले. त्यांच्या वडिलांचे वडगावात किराणा दुकान होते हे मला ठाऊक होते, पण त्या काय घेऊन येतील याची कल्पना नव्हती. त्या आल्या ते लाल कापडी बांधणीची लांब वही घेऊन. वडील गेल्यावर दुकान बंद झाले, काही कोऱ्या वह्या राहिल्या, त्यांतील ही एक. पानाच्या माथ्यावर त्यांनी वडिलांच्याच पद्धतीने "मागील बाकी" असे लिहिले होते. खाली दोन रकाने, जमा म्हणजे भरलेले आणि नावे म्हणजे उधार घेतलेले. नावेच्या रकान्यात ओळीमागून ओळ होती; जमेकडे सहा ओळी, आणि त्या प्रत्येकीपुढे त्यांनी लहान अक्षरात लिहिले होते की यातले खरे कर्जाला किती लागले. चौदा हजारांची नोंद कोठेच नव्हती.

"ते कुठे लिहायचे कळेना," त्या म्हणाल्या. "जमेला लिहायला गेले, तर ते माझे नाहीत. नावेला लिहावे, तर अजून घेतलेले नाहीत." बराच वेळ त्या पानाकडे पाहत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "मॅडम, ते पैसे नाहीतच. बँक मला अजून किती उधारी देईल, एवढंच आहे ते."

त्यानंतर रडू आले. वडगावात मागाचे खटखट ऐकत त्या वाढल्या होत्या. विणकरांची घरे मजुरी हाती येईपर्यंत त्यांच्या वडिलांच्या दुकानातून तांदूळ, तेल, साखर वहीवर नेत. ज्यांची बाकी फार झालेली असे, ते दुकान टाळून मागच्या गल्लीने जात. लहानपणी पायरीवर बसून त्यांनी ती माणसे पाहिली होती. "त्या वहीत ज्यांची नावं असायची, त्यांच्यातली मी एक झाले. बाबा असते तर त्यांना तोंड दाखवता आलं नसतं."

या क्षणी समुपदेशकाने चूक करायला फार वाव असतो. लाज वाटते आहे तर ती वाढू द्यावी, म्हणजे खरेदी थांबेल, असा विचार घरचे लोक करतात आणि दुर्दैवाने काही समुपदेशकही करतात. माझा अनुभव याच्या अगदी उलट आहे. "मी वाईट आहे" असे ज्या रात्री वाटते, त्या रात्री फोन आधी उघडतो, कारण स्वतःला नालायक ठरवलेल्या माणसाला तेवढ्या दहा मिनिटांचा विसावा हवा असतो आणि तो एका बोटावर मिळतो. केलेल्या कृत्याचे वाईट वाटणे आणि स्वतःलाच वाईट ठरवणे यांतला भेद शब्दांनी शिकवता येतो, पण माणसाच्या आठवणीतून तो वर आला तर मुरतो. म्हणून मी एवढेच विचारले, "जे मागच्या गल्लीने जायचे, त्यांना तुमचे बाबा काय म्हणायचे?"

त्यांनी डोळे पुसले. उत्तर द्यायला वेळ लागला, पण आले ते वडिलांच्या सुरात आले. "बाबा स्वतः त्यांच्या घरी जायचे. म्हणायचे, अहो, वेळ वाईट आहे, माणूस नाही. लपू नका, दुकानात या. थोडं थोडं द्या. पण मागची बाकी फिटेपर्यंत नवीन वहीवर काही नाही, रोखीने न्या." क्षणभर थांबून पुढे म्हणाल्या, "बैलहोंगलकडचं कन्नड गिऱ्हाईक असलं तरी हेच सांगायचे. बाकी म्हटलं की मराठी-कन्नड दोघांनाही कळायचं."

मी काहीच बोलले नाही. जे मला चार भेटींत सांगायचे होते, ते त्यांच्या वडिलांनी चार वाक्यांत सांगून ठेवले होते. लपू नका, म्हणजे स्वतःला झिडकारू नका. थोडे थोडे द्या, म्हणजे जबाबदारी घ्या. आणि नवीन उधार नाही, म्हणजे परतफेड आणि खरेदीचा मोह हे प्रश्न दोन नाहीत. पूर्वी किराणा दुकानदार समोर उभा असे आणि त्याच्या डोळ्यांत बाकी दिसे. कार्डाला डोळे नाहीत. उलट पैसे भरले की ते "मर्यादा मोकळी झाली" असे सांगते, आणि आपण ते "आपल्याकडे पैसे आले" असे वाचतो. पहिल्या कार्डाची मर्यादा पन्नास हजारांवरून ऐंशी हजार करू का, असे विचारणारा फोन आला तेव्हा या बाईंनी आनंदाने होकार दिला होता. आपल्यावर कोणीतरी विश्वास टाकला असे त्यांना वाटले होते. अशी वाढ आपल्या स्पष्ट संमतीवाचून करता येत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तेव्हा नाही म्हणण्याचा अधिकार आपलाच आहे, आणि बाकी असताना तो वापरावा.

पुढचे काम संथ होते. पतींना सांगणे सर्वांत जड गेले. वही त्यांच्यासमोर उघडून ठेवायची आणि पहिली दहा मिनिटे काही समजावायचे नाही, असे आम्ही ठरवले. ते दोन दिवस बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी त्यांनी वही मागून घेतली. ऑनलाइन व्यवहार बँकेच्या ॲपमधून बंद करता येतात. ही सोय 2020 पासून प्रत्येक कार्डाला आहे आणि माझ्याकडे येणाऱ्या दहांपैकी आठ जणांना ती ठाऊक नसते. दोन्ही कार्डांवर ते बंद केले, खरेदीच्या ॲपमध्ये साठवलेली कार्डेही काढून टाकली.

ओढ मात्र अशाने बंद होत नाही, ती साडेदहाला येतेच. तेव्हा "मला काही नको" असे मनाला बजावू नये; मन ते मानत नाही. वहीच्या मागच्या पानावर वस्तू, किंमत आणि वेळ लिहावी, शेजारी त्या क्षणी काय वाटत होते ते एका शब्दात लिहावे, आणि तीन दिवस थांबावे. पहिल्या महिन्यात तेवीस नोंदी झाल्या. त्यांपैकी तीन दिवसांनंतरही हव्या वाटलेल्या वस्तू चार निघाल्या, त्यातल्या दोन त्यांनी गणपत गल्लीत जाऊन रोखीने घेतल्या. भावनेच्या रकान्यात "कंटाळा" अपेक्षेपेक्षा कमी वेळा होते; बहुतेक ठिकाणी "एकटी" होते. दिवसभर शाळेत दुसऱ्यांची कामे, संध्याकाळी घरची. स्वतःचे म्हणता येईल असे काही साडेदहापर्यंत घडतच नसे. रात्रीच्या जेवणानंतर पतींसोबत रेल्वे गेटपर्यंत चालून येणे हा उपाय मी सुचवला नव्हता. तो त्यांनीच शोधला, आणि माझ्या सुचवण्यांपेक्षा तो अधिक टिकला.

कर्ज स्वस्त करून घेण्याचा सल्ला मी पहिल्या भेटींत कोणालाही देत नाही. महाग कर्ज सोनेतारण किंवा सोसायटीच्या कर्जात बदलणे हिशेबाने योग्यच असते, कारण त्याचा दर कार्डाच्या मानाने सहसा तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यावर येतो. पण खरेदी चालू असताना ते केले, तर कार्ड रिकामे होते, पुन्हा भरते, आणि एकाची दोन कर्जे होतात. हे मी अनेक घरांत पाहिले आहे. या बाईंचे दोन महिने नावेच्या रकान्यात नवी नोंद न होता गेले, तेव्हा पाटल्या बँकेत तारण ठेवून दुसऱ्या कार्डाचे 1,06,000 फेडले. मग परतफेडीसाठी दरमहा बाजूला काढलेल्या अठरा हजारांतून सोन्याचे व्याज तेवढे देऊन उरलेली सर्व रक्कम पहिल्या कार्डाला लावली. सहाव्या महिन्यात ते कार्ड फिटले. "विनाव्याज हप्ते" या नावाने येणाऱ्या योजनांपासूनही त्यांना दूर ठेवले. त्यांत सहसा प्रक्रिया शुल्क आणि जीएसटी लागतो, आणि मुख्य म्हणजे ती पुन्हा नावेच्या रकान्यातली ओळ असते.

दोन गोष्टी मध्येच सांगते, कारण त्यांवाचून हा सल्ला अपुरा राहील. वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करण्यास रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. तसे होत असल्यास घाबरून न जाता बँकेकडे लेखी तक्रार करावी. आणि एखादी व्यक्ती रात्र रात्र झोपत नसेल, तरीही तिचा उत्साह ओसंडून वाहत असेल आणि त्याच दिवसांत ती बेसुमार खर्च करत असेल, तर ती कदाचित आजारी असते. तेथे वही पुरत नाही. मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे, आपल्या भागातील लोकांना धारवाडची डिमहान्स ही मानसिक आरोग्याची शासकीय संस्था जवळ आहे, आणि टेली मानस या फोनवरून मानसिक आरोग्याची मदत देणाऱ्या शासकीय सेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आहे.

चौदा महिन्यांनी पाटल्या घरी आल्या. दुसरे कार्ड बंद करण्याची विनंती त्यांनी स्वतः लिहिली. देणे पूर्ण असेल तर सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करणे बँकेवर बंधनकारक आहे, अन्यथा उशिराच्या प्रत्येक दिवसाला पाचशे रुपये ग्राहकाला द्यावे लागतात, हा 2022 चा नियम त्यांनी त्या अर्जात नमूदही केला. शेवटच्या भेटीला वही सोबत होती. सोन्याच्या कर्जाच्या पानावर त्यांनी आडवी रेघ ओढली, तिच्याखाली तारीख घातली आणि वडील लिहीत तसे "बेबाक", म्हणजे बाकी उरली नाही, असे लिहिले. शाई वाळेपर्यंत वही उघडीच ठेवून त्या बसल्या होत्या.