चित्रपटावरची राइड मूळ चित्रपटाला शोभते की नाही, हे नेमकं ठरवायचं कशावरून?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डिस्नीच्या पार्कांतली स्प्लॅश माउंटन ही पाण्यावरची राइड जाऊन तिच्या जागी 'द प्रिन्सेस अँड द फ्रॉग' या चित्रपटाची नायिका टियाना हिच्यावरची राइड आली, आणि तिच्यावरून चाहत्यांमध्ये दोन तट पडलेत. एक म्हणतो चित्रपटाला न्याय मिळाला, दुसरा म्हणतो नुसतं नाव वापरलंय. यातलं कोण बरोबर, आणि असं काही मोजायचं तर माप कोणतं?

माझ्या मते कथानक जुळतं का, हे माप सोडून द्या. राइड असते चार-पाच मिनिटांची, फार तर दहा-अकरा. तेवढ्यात दीड तासाची गोष्ट मावत नाही, आणि जिथे ती कोंबायचा प्रयत्न झालाय तिथे फसलाय. 'द लिटल मर्मेड'मधल्या एरियलच्या राइडमध्ये (२०११) गाजलेली गाणी आहेत, पण अर्सुला या चेटकिणीचा शेवट इतका उरकून टाकलाय की मान दुसरीकडे वळली तर तो हुकतो. मी एकच गोष्ट बघतो: मला इथे कोण म्हणून बसवलंय? आणि त्या जागी बसून माझ्या अंगाला जे घडतं, त्याचा त्या चित्रपटाशी काही संबंध आहे का?

हा प्रश्न डिस्नीलँडइतकाच जुना आहे. १९५५ साली पार्क उघडलं तेव्हा तिथल्या स्नो व्हाइटच्या राइडमध्ये स्नो व्हाइटच नव्हती. कल्पना अशी होती की गाडीत बसलेले तुम्हीच स्नो व्हाइट. झाडं अंगावर येतात ती तुमच्या, चेटकीण सफरचंद पुढे करते तेही तुमच्यापुढे. कल्पना म्हणून झकास, पण हे बसणाऱ्याला सांगणार कोण? लोक बाहेर पडून विचारायचे, स्नो व्हाइट कुठे होती? शेवटी १९८३ च्या डागडुजीत तिची बाहुली आत उभी केली, तेव्हा कुठे तक्रार थांबली. भूमिका नुसती ठरवून भागत नाही, ती बसणाऱ्याला पटावी लागते.

१९५५ सालचीच मिस्टर टोडची राइड घ्या. टोड हा मोटारीचं वेड लागलेला बेडूक. राइडमध्ये तुम्ही त्याच्या गाडीतून भिंती फोडत, सामानसुमान उडवत सुटता, समोरून आगगाडी येऊन धडकते, आणि पुढच्या वळणावर तुम्ही थेट नरकात. लाल उजेड, छोटे छोटे सैतान. हा नरक १९०८ च्या मूळ पुस्तकात नाही आणि १९४९ च्या चित्रपटातही नाही, डिस्नीच्या माणसांनी तो स्वतःच्या मनाने घातला. तरी आजवर कुणी 'हे मूळात नाही' म्हणून गळा काढलेला नाही. उलट फ्लोरिडातली तिची आवृत्ती १९९८ मध्ये बंद झाली तेव्हा लोक हिरवे टीशर्ट घालून निषेधाला जमले होते. टोडचा स्वभाव शेवटपर्यंत ताणला तर तो तिथेच पोचणार, हे सगळ्यांना पटतं.

आता उलटं उदाहरण. ऑरलँडोच्या युनिव्हर्सलमध्ये २०१८ साली फास्ट अँड फ्युरियसवरची राइड सुरू झाली. ओळखीचे नट आहेत, पाठलाग आहे, गोळीबार आहे. आणि तुम्ही? तुम्ही बसमध्ये. दोन्ही बाजूंच्या पडद्यांवर गाड्या पळतात आणि तुम्ही बाकड्यावर बसून जरा हलता. ज्या चित्रपटमालिकेचा जीव स्टिअरिंग धरण्यात आहे, तिथे पाहुण्याला मागच्या सीटवर बसवलं. लोकांनी तिची जी काही टिंगल केली ती उगाच नाही.

इथे बरेच जण म्हणतात की दोष पडद्यांचा आहे, खऱ्या बाहुल्या आणि सेट असते तर राइड चांगली झाली असती. मला हे पटत नाही. अवतारवरची फ्लाइट ऑफ पॅसेज (२०१७, डिस्नीचं फ्लोरिडातलं ॲनिमल किंगडम पार्क) ही पण मुळात पडद्याचीच राइड आहे. पण तिथे तुम्ही मोटरसायकलवर बसावं तसे पुढे झुकून बसता, पाठीला आधार लागतो, आणि उड्डाण सुरू झाल्यावर दोन्ही मांड्यांच्या आतल्या बाजूला काहीतरी हळूच फुगतं आणि ओसरतं. पुन्हा फुगतं. तुम्ही ज्याच्यावर बसलाय तो प्राणी श्वास घेतोय. चित्रपटाचा नायक जेक पहिल्यांदा इक्रान या उडत्या प्राण्यावर बसतो, त्या प्रसंगाचं सगळं मर्म त्या दोन फुगवट्यांत आलंय. कथा म्हणाल तर राइडला जवळजवळ कथाच नाही. कुणाला तिची उणीव भासल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

(सगळ्यात सोपं काम ज्युरासिक पार्कचं होतं. चित्रपट १९९३ चा, हॉलिवुडमधली राइड १९९६ ची. चित्रपटच एका पार्कबद्दल, जिथे सगळं बिघडतं. तुम्ही पार्कात आलेला पाहुणा म्हणून बसायचात, आणि तुम्ही असायचातच पार्कात आलेला पाहुणा. सोंग घ्यायची गरजच नव्हती. ती राइड २०१८ मध्ये बंद झाली.)

तर टियाना. इथे आधी जुन्या राइडबद्दल बोलावं लागतं, कारण वादाची निम्मी धग तिचीच आहे. स्प्लॅश माउंटन १९८९ ची. तिचा आधार होता डिस्नीचा १९४६ चा 'साँग ऑफ द साउथ' हा चित्रपट, ज्यात गुलामगिरीनंतरच्या अमेरिकेच्या दक्षिण भागातलं कृष्णवर्णीयांचं मळ्यावरचं जगणं गोड करून दाखवलंय. तो अमेरिकेत शेवटचा थिएटरात लागला १९८६ साली, आणि घरी बघण्यासाठी डिस्नीने तिथे तो कधीच काढला नाही. म्हणजे 'मूळाला शोभणारी राइड' म्हणून जिचे गोडवे गायले जातात, तिचं मूळ बहुतेक चाहत्यांनी पाहिलेलंच नाही! त्यांना आवडत होती ती राइडच, आणि आवडण्यासारखी होतीही. ससा कोल्ह्याच्या तावडीत सापडतो, चढावर दोन गिधाडं तुम्हाला हिणवतात, आणि मग ससा काटेरी झुडपात फेकला जातो तेव्हा तुम्हीही फेकले जाता. सुमारे पन्नास फुटांची ती घसरण म्हणजे गोष्टीतलाच प्रसंग होता. पोटात गोळा येण्याला कारण होतं.

२०२० च्या जूनमध्ये बदल जाहीर झाला. नवी राइड फ्लोरिडात २८ जून २०२४ ला आणि कॅलिफोर्नियात त्याच वर्षी १५ नोव्हेंबरला उघडली. डोंगर तोच, पाण्याची वाट तीच, घसरण तीच. गोष्ट मात्र चित्रपट संपल्यानंतरची: टियानाला मार्डी ग्रा या सणाच्या मेजवानीसाठी वादक हवेत, तुम्ही तिच्यासोबत बायूत, म्हणजे तिथल्या दलदलीत, त्यांना शोधायला निघता. वादक म्हणजे तिथले प्राणी. मग मामा ओडी ही चित्रपटातली जादूगार म्हातारी मंत्र घालून तुम्हाला बेडकाएवढं करते, आणि घसरणीच्या वेळी पुन्हा मोठं करते. खाली पोचलात की मेजवानी.

टीका करणारे म्हणतात, चित्रपटातला खलनायक डॉक्टर फॅसिलिए कुठेय? बाजू घेणारे म्हणतात, चित्रपटाच्या शेवटी सावल्या त्याला ओढून नेतात, तो परत येणार कसा? हा वाद मला फुकटचा वाटतो. दुष्ट माणूस हवाच असं नाही, अवतारच्या राइडमध्ये तरी कुठे आहे? अडचण वेगळी आहे. त्या चित्रपटातली टियाना दोन-दोन नोकऱ्या करते, पैसा पैसा साठवते, वडिलांचं रेस्टॉरंटचं स्वप्न उराशी धरून. तिला काहीतरी जिवापाड हवं असतं आणि ते हातचं जाऊ शकतं, म्हणून आपण तिच्यासाठी झुरतो. राइडमधल्या टियानाला सगळं मिळालेलं आहे. राहिलेत फक्त थोडे वादक, आणि तेही वाटेत सापडत जातात. त्यामुळे घसरणीच्या टोकाशी पोचल्यावर शरीर घाबरतं, पण कशासाठी घाबरायचं ते गोष्ट सांगत नाही. जादू उतरवायला पन्नास फूट का पडावं लागतं, याचं उत्तर एवढंच की डोंगर आधीपासून तिथे होता.

बाकी बाबतीत मी राइडच्या बाजूचा आहे. टियानाच्या बाहुल्यांचे चेहरे आणि हातांची हालचाल डिस्नीच्या सर्वोत्तम कामांत मोडते, आवाज चित्रपटातल्याच ॲनिका नोनी रोझचा आहे, आणि शेवटच्या मेजवानीत संगीत सगळीकडून अंगावर येतं तेव्हा टीका करणारेही मान डोलावतात. म्हणजे चित्रपटाला ही राइड शोभते, त्या डोंगराला शोभत नाही. हीच गोष्ट संथ पाण्यावरच्या बोटीत, घसरणीशिवाय सांगितली असती तर निम्मे आक्षेप उठलेच नसते. अर्थात मग स्प्लॅश माउंटनच्या चाहत्यांनी घसरण गेली म्हणून ओरड केली असती, ते सोडा.

कुणाला कुठे बसवलं याने केवढा फरक पडतो, हे स्वतः बघायचं असेल तर स्टार वॉर्सची स्मगलर्स रन (२०१९) करा. मिलेनियम फाल्कन या अंतराळजहाजाच्या कॉकपिटमध्ये सहा जण बसतात: पुढे दोन पायलट, मध्ये दोन गनर, मागे दोन इंजिनिअर. पायलट झालेला माणूस बाहेर येऊन सांगतो की आयुष्याचं सार्थक झालं. इंजिनिअर झालेला सांगतो की मी भिंतीवरची बटणं दाबत होतो, बटणं बाजूला असल्यामुळे समोरचं धड दिसलंही नाही. राइड एकच, जहाज एकच. दोघे भांडायला बसले की दोघांनाही वाटतं समोरच्याला स्टार वॉर्स कळत नाही.

आत जाण्याआधी हातात भूमिकेचं कार्ड देतात. इंजिनिअरचं आलं तर सोबतच्या कुणाशी तरी बदलून घ्या. आणि पायलटचं मिळालं तर उजवी खुर्ची सोडू नका, हायपरस्पेसचा, म्हणजे जहाजाला प्रकाशापेक्षा वेगाने सोडायचा, दांडा त्या बाजूला आहे.